टीनंतरचा एच

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून मी 'नेमिंग हेड'! वय तेवीस, नोकरीला जेमतेम सात महिने, आणि टीममध्ये मी एकटीच. म्हणजे हेडही मी आणि खालचं धडही मीच. पण हेड ते हेड. आईने लगेच शिरा केला.

आईला परत समजावावं लागलं की मी नक्की करते काय. डिजिटल चलन कोणाला पाठवायचं तर त्याच्या वॉलेटचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांचं नुसतं गचपण. शून्य, एक्स, सात, एफ, बी, परत सात... शेवटच नाही. भलत्याला पैसे गेले की गेले. बँक नाही, मॅनेजर नाही, 'अहो जरा बघा ना' म्हणायला कोणीच नाही. आमचं ॲप या गचपणाच्या जागी माणसाचं नाव वापरतं. नाव, मग टिंब, मग एरिया. ॲपचं नावच 'हेसरू', म्हणजे कन्नडमध्ये नाव. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, लाँच. सध्या दोनेकशे लोक पायलटमध्ये वापरतायत.

नावांचे नियम मी लिहिते. नियमांची फाइल एकदा ब्लॉकचेनवर चढली की कोणाच्या बापाला बदलता येत नाही. चढवायला दोन सह्या लागतात, एक फाउंडरची आणि एक नेमिंग हेडची.

"माझीच का?" मी गिरीअण्णाला विचारलं. गिरीराज आमचा फाउंडर. घरचे मराठे, पण चारशे वर्षं इथलेच, त्यामुळे त्याचं मराठी एकदम भारी ऐकू येतं.

"नावांतलं तुझ्याएवढं कोणाला कळतंय गं? आणि उद्या कोणी विचारलं, हा नियम कोणी केला, तर सांगायला एक नाव पाहिजे की नको?"

किती विश्वास टाकतो हा माणूस!

८ ऑक्टोबर, बुधवार

मीटिंगमध्ये भव्याने माझी लाज काढली. भव्या टेस्टिंग बघते, इथलीच, बनशंकरीची. (आम्ही इंग्लिशमध्ये बोलतो, मी इथे मराठीत लिहितेय.)

"शलाका, इथले लोक 'त'साठी टी-एच लिहितात. नुसता टी आला की तो 'ट'. लता म्हणजे एल-ए-टी-एच-ए."

"टी-एच म्हणजे 'थ'. लथा असं कोण म्हणतं?"

"लथा कोणीच म्हणत नाही. लता म्हणतात आणि टी-एच लिहितात. अर्धं बेंगळुरू."

सगळे हसले. मी इथेच वाढले यार. पण घरी मराठी, शाळेत सेकंड लँग्वेज हिंदी, आणि कन्नड ऑटोवाल्यापुरतं. वर्गात स्वाती, कविता सगळ्या एच लावायच्या. मला वाटायचं स्टाइल मारतायत.

मी म्हणाले, कॉम्प्युटरला दोन स्पेलिंग म्हणजे दोन नावं. ती म्हणाली, "आणि कोणी ऐकून टाइप केलं तर?"

"ऐकून कोण टाइप करतं आजकाल? कॉपी-पेस्ट करतात."

गिरीअण्णाने निकाल दिला. "स्पेलिंग वेगळं, नाव वेगळं. नेमिंग हेड सांगतेय ना? आयतू, संपलं."

भव्याला माझं प्रमोशन झेपलेलं नाही. स्पष्ट दिसतंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चाळीस हजार लोकांनी आधीच नाव बुक केलंय!! ऑफिसात केक. बेळ्ळंदूरच्या तळ्याचा वास खिडकीतून येत होता तरी सगळ्यांनी दोन-दोन तुकडे खाल्ले.

अण्णाने केबिनमध्ये बोलावलं. "ते एचवाल्या नावांची लिस्ट काढ. ऐकायला सारखी, लिहायला वेगळी. जुळी नावं. फक्त मला पाठव हां."

"म्हणजे भव्याचं बरोबर होतं?"

"बरोबर-चूक बेडा गं, ते नको आत्ता. सेफ्टीसाठी."

बघा, म्हणजे मनातून तो विचार करतोच. मी दुपारभर बसून स्क्रिप्ट लिहिली. तीन हजारांवर जोड्या निघाल्या. लता, गीता, सविता, पार्वती, ज्योती... इतक्या असतील असं वाटलं नव्हतं. अण्णा लिस्ट बघून म्हणाला, "सोनं आहे हे, शलाका." सेफ्टीला सोनं म्हणणारा बॉस कोणाला मिळतो?

भव्याने विचारलं, लिस्ट कोणाकडे गेली. मी म्हटलं, तुला काय करायचंय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी बोनस 'हेसरू'वरूनच! सगळ्यांचा मी पाठवला आणि त्याचा व्हिडिओ काढला. नाव टाइप केलं, ते कोणाचं तरी असलं की हिरवी टिक येते. टिक माझी आयडिया. लोकांना टिक बघून बरं वाटतं.

भव्या कॉलवर होती. माइकवर हात ठेवून लांबूनच म्हणाली, "माझा अम्माला पाठव. कस्तुरी, बनशंकरी." टाइप केलं, टिक आली, गेले. भव्याने अंगठा दाखवला. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आकाशकंदील लावत होते तेव्हा भव्याचा मेसेज. 'अम्माला आले नाहीत.'

मी लिहिलं, नेटवर्क स्लो असेल. मग लॅपटॉप उघडला.

मी टाइप केलं होतं के-ए-एस-टी-यू-आर-आय. कस्तुरी. दुसरं काय लिहिणार? तिच्या आईच्या नावात टीनंतर एच आहे.

आणि टिक आली होती, कारण एच नसलेली कस्तुरीसुद्धा आहे. बनशंकरीतच.

अण्णाला फोन केला.

"कोणाला सांगितलंस?"

"अजून कोणालाच नाही."

"सरी, बरं झालं. मग गप्प बस जरा. सण आहे."

मी भव्याला सांगून टाकलं. तिने मेसेज वाचल्याच्या निळ्या टिका आल्या.

२० ऑक्टोबर, सोमवार

दुसऱ्या कस्तुरीला ॲपमधून मेसेज टाकला होता, की तुमच्या खात्याबद्दल बोलायचंय. आज सकाळी उत्तर आलं, शुद्ध मराठीत, पत्त्यासकट. 'आज फराळालाच ये.'

पासष्टीच्या असतील. कस्तुरीकाकू. मूळच्या बेळगावच्या, मिस्टर गेल्यापासून एकट्या. दार उघडलं तेव्हा नवी कोरी इळकल नेसल्या होत्या, जांभळी, लाल काठ.

"अभिमन्यूने पाठवले ना पैसे," मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या. अभिमन्यू त्यांचा मुलगा, टोरांटोला असतो. "ते ॲप त्यानेच मागच्या महिन्यात फोनवर सांगून टाकायला लावलं. दोन वर्षं झाली गं त्याला येऊन. मी म्हटलं विसरला. आणि बघ, दिवाळीला बरोब्बर! लगेच जाऊन साडी घेतली. थोडे पैसे कामवालीला दिले, तिलाही सण आहे."

"त्यांनी सांगितलं का, की त्यांनीच पाठवले म्हणून?"

"फोन केला होता थँक्यू म्हणायला. मीटिंगमध्ये होता. 'बरं बरं, ठेव आता' म्हणाला. तो कुठला बोलायला! लहानपणापासून असाच. तू कशासाठी आली होतीस गं?"

मी म्हणाले, ॲप नीट चालतंय का बघायला. त्यांनी चकल्या बांधून दिल्या. गेटपर्यंत सोडायला आल्या आणि समोरच्या बाईंना म्हणाल्या, "अभीच्या त्या ॲपच्या कंपनीतली मुलगी."

मी सांगायला हवं होतं का? मला नाही माहीत. तोंडातून निघालंच नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

माझा बोनस भव्याला ट्रान्सफर करायला गेले. पॅन्ट्रीत गाठलं तिला.

"नको. अम्माला मी माझ्यातून दिलेत."

"मग मला रागवून तरी घे एकदा."

"कशाला? तू ऐकून टाइप केलंस. सगळे तेच करणार, हेच सांगत होते मी." तिने कॉफी खाली ठेवली. "एक तारखेनंतर चाळीस हजार लोक ऐकून टाइप करणार. तेव्हा तू कोणाकोणाला तुझा बोनस देत फिरणार?"

मी तिला काकूंचं सांगितलं, मुलाचं, फोनचं, सगळं. तिने कॉफी परत उचलली.

"साडी कुठल्या रंगाची?"

"जांभळी."

"असू दे मग तिच्याकडे," ती म्हणाली. "पैसे नकोत मला. नियम बदल. फाइल चढायच्या आधी."

ती सुरुवातीपासून माझ्यावर जळत होती असं मी इथे लिहिलंय. खोडत नाही, राहू दे. वाचून लाज वाटली की पुरे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवा नियम एका दिवसात लिहिला. ऐकायला सारखी नावं दोघांची असतील तर टिक देऊ नकोस, थांब आणि विचार, कोणती. आणि दुसरं स्पेलिंग अजून रिकामं असेल तर ते पहिल्याच माणसाला फुकट जोडून टाक, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. भव्याने टेस्ट केला. तिने मोडायचा खूप प्रयत्न केला, मोडला नाही. आम्ही दोघींनी टाळी दिली.

अण्णाने वाचला आणि लॅपटॉप बंद केला.

"हे नाही घालायचं."

"पण अण्णा, सेफ्टीसाठीच तर लिस्ट..."

त्याने मला एक स्लाइड दाखवली. 'जुळं पॅक'. तुमचं नाव लता आहे? दुसऱ्या स्पेलिंगची लता दुसऱ्या कोणी घेण्याआधी तुम्हीच घ्या. खाली किंमत, दर वर्षाची. त्याखाली माझी लिस्ट. तीच, माझ्याच क्रमाने. मी कॉलमला दिलेला पोपटी रंगसुद्धा तसाच.

"आपण घोळ तसाच ठेवणार आणि त्याची भीती विकणार?"

"इन्शुरन्स गं, इन्शुरन्स. कार घेतलीस तर घेतेस की नाही? इन्व्हेस्टरनी याच स्लाइडवर पैसे घातलेत. तू फुकट वाटलंस तर पगार कुठून देऊ? तुझा, भव्याचा?"

घरी येताना रिंग रोडवर कॅब अडकून पडली होती आणि मी तेच तेच घोळवत होते. त्याचं अगदीच चूक नाहीये. कंपनी चालली तरच ॲप चालणार. पण मग त्या दिवशी तो लिस्टला सोनं म्हणाला ते...

मी किती बावळट आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

अण्णाला बोनसच्या घोळाचा रिपोर्ट हवाय, ऑडिटरसाठी. कारण काय लिहायचं तेही त्याने सांगितलं, पाठवणाऱ्याची चूक.

"पाठवणारी मीच होते."

"तुझं नाव नाही घालत गं, आपलं माणूस तू. भव्यानं स्पेलिंग नीट सांगितलं नाही असं घाल."

"तिने स्पेलिंग सांगितलंच नव्हतं. नाव सांगितलं होतं."

"तेच की. सांगितलं नाही."

असं बोलतो की क्षणभर पटतंच. मी 'बघते' म्हणून बाहेर आले. भव्या समोरच्याच डेस्कवर होती, हेडफोन लावून. तिच्याकडे बघवेना.

रात्री जेवताना पप्पांना सांगितलं. पप्पा सरकारी विमान कारखान्यात, इन्स्पेक्शनला. पार्ट तपासायचा आणि सही करायची, पस्तीस वर्षं तेच. ऐकून घेतलं आणि भाताचा डोंगर करत बसले.

"ब्याण्णवला मी एका बॅचवर सही नाही केली," ते म्हणाले. "वरून खूप फोन आले."

"मग?"

"मग काय. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचं प्रमोशन झालं. माझं चार वर्षांनी झालं."

"आणि ती बॅच खराब होती का?"

"कोण जाणे. मला खात्री नव्हती, एवढंच."

आई म्हणाली, "अहो, पोरीला घाबरवू नका." मलाही तसंच वाटलं. मदत मागायला जावं तर हे प्रमोशनचं रडगाणं. पण झोपताना डोक्यात तेच. त्यांनी सही न केल्याचं इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कंपनीचे शेअर देतोय अण्णा मला. पत्र दिलं, बंद पाकिटात. फाइल चढली की लागू. मी हो म्हणाले नाही. नाहीसुद्धा म्हणाले नाही. पाकीट बॅगेत आहे.

रिपोर्ट मात्र पाठवला. नाव ऐकून मी टाइप केलं आणि ॲपने मला थांबवलं नाही, असं. भव्याचं नाव कुठेच नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून फाइल माझ्या स्क्रीनवर. जुनी, टिकवाली. अण्णाची सही झालेली. खाली एकच बटण, माझ्यासाठी.

दर तासाला कोणीतरी येऊन जात होतं. मार्केटिंगवाला म्हणाला, "करून टाक ना, हॉल बुक झालाय." ऑफिसात एक गंमत झाली, म्हणजे गंमत नाही, जेवणाच्या वेळी माझ्या शेजारी कोणीच बसेना. मग भव्या डबा घेऊन आली. तिच्या अम्माने चित्रान्न दिलं होतं, लिंबाचा पिवळा भात. नियमाचा विषय तिने काढलाच नाही. "मिरची बाजूला काढ," एवढंच म्हणाली.

चारला अण्णा स्वतः आला. खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसला, एकदम घरच्यासारखा.

"काय अडलंय?"

"नवा नियम चढवा. त्यावर आत्ता सही करते."

"एका एचसाठी?"

"हो."

"शलाका, उद्या दुपारी सातशे लोक येतायत. भव्याच्या अम्मालाच स्टेजवरून पहिलं पेमेंट करतोय मी, सगळ्यांसमोर. तिचं नुकसान भरून निघतंय, तुझी चूक धुऊन निघतेय. अजून काय पाहिजे?"

"आणि बाकीच्या तीन हजार जोड्या?"

"स्वल्प अड्जस्ट कर गं. सहा महिन्यांनी बघू."

"सहा महिन्यांनी बदलता येत नाही. फाइल चढली की बदलत नाही, तुम्हीच सांगता सगळ्यांना."

त्याचा चेहरा बदलला. आवाज मात्र तसाच गोड. "तुला काढून दुसऱ्याला हेड करू शकतो मी."

"करा. पण सही करणारं माणूस बदलायला तीन दिवस लागतात. तो नियमही माझाच आहे." माझा आवाज इतका चिरकला की शेवटचं वाक्य मलाच नीट ऐकू आलं नाही. बॅगेतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

तो उठून गेला. काचेच्या केबिनमध्ये फोनवर फेऱ्या मारताना दिसत होता. मी बसून राहिले. बाथरूमलाही गेले नाही, कोणी माझ्या लॅपटॉपवरून बटण दाबेल म्हणून. वेडेपणा आहे, पासवर्ड आहे त्याला.

पावणेसात वाजता स्क्रीनवर नवी फाइल आली. माझी, थांबणारी. खाली गिरीराजची सही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. परत वाचली. भव्यालाही वाचायला लावली. मग सही केली.

लगेच त्याचा मेसेज. 'सोमवारी दहा वाजता. वकील पण असतील.'

१ नोव्हेंबर, शनिवार

बाहेर सगळीकडे लाल-पिवळे झेंडे, आणि हॉटेलच्या आत एवढा एसी की दात वाजत होते. की भीतीने, माहीत नाही. मी एकदम मागे, दाराजवळ उभी होते. भव्या स्टेजच्या कडेला, तिची अम्मा पहिल्या रांगेत, मोगरा माळून.

अण्णा झक्कास बोलला. म्हणाला, नावांतला घोळ ओळखणारं हे देशातलं पहिलं ॲप, आणि ही कल्पना त्याला एका रात्री सुचली. टाळ्या. भव्याने लांबून माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मला हसू यायला हवं होतं. येईना. चाळीस हजारांची फाइल आणि त्यात माझा नियम, आणि तो सातशे लोकांसमोर पहिल्यांदाच खरा चालणार होता.

"आणि आता पहिलं पेमेंट, कस्तुरीअम्मांना!"

मोठ्या पडद्यावर त्याचा फोन दिसत होता. त्याने नाव टाइप केलं.

टिक आली नाही.

पडदा थांबला. 'या नावाच्या दोन व्यक्ती आहेत. कोणती?' खाली दोन नावं, एकाखाली एक. एकात एच, एकात नाही.

अण्णाचं बोट हवेत. माणूस जन्मापासून इथला, कन्नड माझ्यापेक्षा शंभर पट चांगलं. रिपोर्टमध्ये दोन्ही नावं वाचलेली. पण त्यातली भव्याची अम्मा कोणती, ते त्याच्या लक्षात नव्हतं. बोट आधी वरच्या नावावर गेलं, मग खालच्या, मग परत वर. हॉल इतका शांत झाला की कॅमेरावाल्याने कॅमेरा खांद्यावर नीट केलेलाही ऐकू आला. अण्णा भव्याकडे वळला. भव्या हाताची घडी घालून उभी. तिने ओठसुद्धा हलवले नाहीत.

मग पहिल्या रांगेतून अम्माचा आवाज आला, वर्गात बाई मागच्या बाकाला ओरडतात तसा.

"एच इदे, सार! एच! एच!"

सातशे लोक हसले. त्यातल्या किती जणींच्या नावात एच असेल, कोण जाणे. त्या सगळ्यात मोठ्याने हसत होत्या.

मी हसले नाही. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. ते खाली आलं, एचवर.

अम्माचा फोन वाजला.